खडूने काढता येईल का?

बैठकीत आमच्या नेत्रदानाच्या कामासाठी बोधचिन्हाचे नमुने पडद्यावर एकामागून एक सरकत होते. ओंजळ, हृदय, पणती, पुन्हा ओंजळ. तेवढ्यात आमची एक स्वयंसेविका म्हणाली, "यातलं मला खडूने भिंतीवर काढता येईल असं कुठलं?"

सगळे गप्प. सकाळपासून तेच डोक्यात घोळतंय.

एड्सविषयीची लाल फीत आठवली. १९९१ मध्ये न्यूयॉर्कमधल्या काही कलाकारांनी मिळून ती घडवली. आखाती युद्धावर गेलेल्या सैनिकांसाठी लोक पिवळ्या फिती बांधत, तिथून ती सुचली. फितीचा छोटा तुकडा कापायचा, मधोमध दुमडून पीळ द्यायचा, टाचणीने छातीवर लावायचा. बस! आणि मला सगळ्यात भावतं ते हे, की त्या कलाकारांनी तिच्यावर स्वतःचं नाव टाकलं नाही, हक्कही राखून ठेवले नाहीत. कुणीही घरी बसून करावी आणि वाटावी.

आमचे कार्यकर्तेही नेत्रदानासाठी दारोदार फिरतात. त्यांच्या हाताला जे सहज जमेल तेच खरं चिन्ह, असं मला मनापासून वाटतं. म्हणून पुढच्या बैठकीत पडदा बंद ठेवून सगळ्यांना कागद-पेन्सिल देणार आहे.

तुम्हाला कुठल्या चळवळीचं चिन्ह न बघता काढता येतं?