साहेब ‘नाही’ कसं म्हणतो?

परदेशातून सुट्टीला सांगलीत आलो की लग्नात म्हणा, विश्रामबागेत चहाला म्हणा, कुणीतरी विचारतंच, “तिकडचे साहेब आपल्यापेक्षा चांगले असतात का हो?” तुम्हीही विचारलंत म्हणून लिहितो. चांगलं-वाईट मला ठरवता येत नाही. माझा सगळा गोंधळ झाला तो ‘नाही’ या एका शब्दापायी.

सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजमधून शिकून, चार वर्षं इथं काढून मी जर्मनीला गेलो. पहिल्याच महिन्यात मीटिंगमध्ये आठ माणसांदेखत साहेब म्हणाले, “हा टॉलरन्स चुकलाय, चालणार नाही.” टॉलरन्स म्हणजे मापात चालेल तेवढा फरक. माझं तोंड एवढंसं झालं. चारचौघांत चूक काढली की आपल्याकडं तो अपमानच. रात्रभर डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी तेच साहेब कॅन्टीनमध्ये ताट घेऊन शेजारी बसले आणि मुलीला शाळा आवडली का, ते विचारू लागले. त्यांच्या मनात काही नव्हतंच. त्यांनी फक्त ड्रॉइंगमधली चूक दाखवली होती.

उलट चुकत होतो मीच. “शुक्रवारपर्यंत होईल?” असं त्यांनी विचारलं की मी “आय विल ट्राय” म्हणायचो, आणि मनात असायचं आपलं ‘बघतो की’. ‘बघतो की’ म्हणजे अवघड आहे, हे सांगलीतलं शेंबडं पोरही ओळखतं. साहेबांनी तो होकार धरला. काम लांबलं तेव्हा ते रागावले, पण उशीर झाला म्हणून नाही. आधी का सांगितलं नाहीस, म्हणून.

पुढं नागोयाला जपानी साहेबांच्या हाताखाली गेलो आणि घरी आल्यासारखं वाटलं. “केंतो शिमासु”, म्हणजे ‘विचार करू’, हा तिथं बऱ्याचदा नकारच असतो. ते मला आठवड्यात कळलं. पण मी मीटिंगमध्ये एकदम नवी सूचना मांडली तर सगळे गप्प! एका सिनियरनं बाजूला घेऊन समजावलं: आधी एकेकाच्या टेबलाशी जा, त्याची अडचण ऐकून घे, मीटिंग मग. याला ते ‘नेमावाशी’ म्हणतात. शब्द मूळचा माळीकामातला. मोठं झाड हलवायच्या आधी मुळांभोवती उकरून त्याला तयार करायचं. तासगावला मामांना हे सांगितलं. जन्म द्राक्षबागेत गेलेला माणूस. म्हणाले, “त्यात नवीन काय? सोसायटीचा ठराव असला की आम्ही आदल्या रात्री घरोघर जाऊन येतोच की.”

हॉलंडच्या खेर्ट हॉफस्टेड यांनी आयबीएमच्या देशोदेशीच्या कर्मचाऱ्यांची उत्तरं अभ्यासून, साहेब आणि हाताखालचा माणूस यांच्यातलं अंतर लोक किती मानतात, त्याचे आकडे काढले. आकडा मोठा तेवढं अंतर जास्त: भारत ७७, जपान ५४, जर्मनी ३५. ते वाचलं तेव्हा माझी ती झोप उडालेली रात्र मला नीट समजली.

आता माझ्याच हाताखाली सहा जण आहेत, त्यात मिरजेचा एक मुलगा. परवा मंगळवारची तारीख दिली तर म्हणाला, “ट्राय करतो, सर.”

मी खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसलो. म्हटलं, “होणार का नाही, तेवढं सांग. नाही म्हणालास तरी चालतंय.”

थोडा वेळ तो स्क्रीनकडंच बघत राहिला. मग म्हणाला, “मंगळवारी नाही होणार, सर. गुरुवारी देतो.”