वेगासच्या टेबलावर आम्ही चौघी

लास वेगासच्या ज्या मोठ्या रस्त्याला सगळे स्ट्रिप म्हणतात, तिथे सकाळी सहाला रावेर एकदम खाली बसली. ताडाच्या बुंध्याशी बारीक खडी अंथरलेली होती. तिनं ती दोन बोटांनी सारली, खालची काळी नळी वर उचलली आणि म्हणाली, "अगं, हे तर ठिबक!" खरंच होतं. आपल्या केळीत असते तशीच नळी, तसाच ड्रिपर. तिनं ड्रिपरखाली तळहात धरला आणि थेंब पडेपर्यंत उठली नाही. मागे अख्खा आयफेल टॉवर उभा होता, खऱ्या टॉवरच्या निम्म्या उंचीचा. तिकडे तिनं नंतर पाहिलं.

रावेर म्हणजे माझी मैत्रीण. जळगावच्या वसतिगृहात आम्ही चौघी एका खोलीत होतो आणि एकमेकींना गावाच्या नावानं हाक मारायचो. साठी उलटली तरी ती सवय गेलेली नाही. रावेर केळी करते आणि लागवडीपासून काढणीपर्यंत स्वतः बांधावर उभी असते. पारोळ्याचं घर एकत्र, मोठं, दिरांचं-पुतण्यांचं. चोपडा बँकेतून निवृत्त झाली. तिची लेक कॅलिफोर्नियात नोकरीला आहे आणि तिनंच आम्हा तिघी मावशांना आईसोबत बोलावून घेतलं. मी भुसावळ. रेल्वे क्वार्टरमध्ये वाढले, पुढे शाळेत गणित शिकवलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरायची राहायला नको म्हणून सण उरकला आणि मगच निघालो.

लॉस एंजेलिसकडून गाडीनं यायचं तर मोहावीचं वाळवंट पार करावं लागतं. चार-साडेचार तास नुसती खुरटी झुडपं आणि उघडे डोंगर, आणि मग एकदम हे शहर. मे महिना होता, दुपारी पारा चाळिशीकडे जायचा. लेकीला आमची काळजी वाटत होती. मी तिला म्हटलं, बाई गं, आम्ही भुसावळ-जळगावच्या, पंचेचाळीस अंश आम्हाला दरसाल भेटतात. इथला विक्रम ७ जुलै २०२४ चा, ४८.९ अंशांचा. आम्ही आपल्याकडच्यासारखंच केलं. डोक्याला पांढरा रुमाल, उन्हं चढायच्या आत भटकंती, भर दुपारी सावली, आणि दिवस कलल्यावर पुन्हा बाहेर. पाऊस इथे वर्षाला जेमतेम चार इंच. रावेर हे ऐकून बराच वेळ गप्प होती. तिच्या भागात विहिरी आटल्या, बोअर खोल खोल गेले, हे तिनं स्वतःच्या शेतात पाहिलंय.

म्हणून दुपारी ती म्हणाली, धरण बघायचंच. लेकीनं हूवर धरणावर नेलं. कोलोरॅडो नदीवरचं हे धरण २२१ मीटर उंच आहे, १९३१ ते १९३६ या काळात बांधलेलं. मागच्या जलाशयाच्या काठच्या खडकांवर पांढरा पट्टा दिसतो. पूर्वी पाणी कुठपर्यंत होतं ते त्यावरून कळतं. पट्टा फार रुंद आहे. वेगासचं जवळजवळ नव्वद टक्के पाणी इथूनच येतं. पण रावेरला पटलं ते दुसरंच: घराघरांत आणि हॉटेलांत आत वापरलेलं पाणी शुद्ध करून परत याच जलाशयात सोडतात. न्हाणीघरातलं पाणी फिरून येतं, हिरवळीवर मारलेलं मात्र उडून जातं. म्हणून लोकांनी अंगणातली हिरवळ काढावी यासाठी तिथली पाणी संस्था चक्क पैसे देते, आणि नुसती शोभेची हिरवळ काढून टाकायचा कायदाही नेवाडा राज्यानं २०२१ मध्ये केला. "एवढं डोकं आपल्याकडं लावलं असतं तर," असं रावेर म्हणाली आणि परतीच्या वाटेवर तिनं मला तापी पुनर्भरणाच्या योजनेबद्दल तासभर ऐकवलं. मला तिचं हे आवडतं. ती जगात कुठेही गेली तरी पाणी शोधते.

धरणाचं काम आणि जुगार यांची गाठ मला तिथेच समजली. १९३१ साली धरणाचं काम सुरू झालं आणि त्याच वर्षी नेवाडानं जुगार कायदेशीर केला. मजुरांसाठी सरकारनं बोल्डर सिटी नावाचं गाव वसवलं आणि तिथे जुगाराला बंदी घातली. आजही त्या गावात कॅसिनो नाही. पण वेगास काही फार लांब नव्हतं. पगार झाला की मजूर तिकडे जायचे.

हे कळलं तेव्हा मला आपली आखाजी आठवली. खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, अक्षय्य तृतीया आमच्याकडे दिवाळीइतकी मोठी. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, घागरीवर डांगर म्हणजे खरबूज ठेवून पितरांना पाणी देतात, सांजोऱ्या आणि आमरस होतो. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, साल त्या दिवशी संपतं, नवं ठरतं, म्हणजे कष्टकऱ्याच्या हातात पैसा येतो. आणि त्याच दिवसांत गावोगाव पत्त्यांचे डाव बसतात. पारावर, गोठ्यात, ओट्यावर, रात्र रात्र. बायका झोक्यावर आणि पुरुष पत्त्यांवर अशी वाटणी. माझ्या मावशीच्या पाटल्या एका आखाजीत गेल्या. ती त्या रात्री डावाला चहा करत होती. आपल्याच पाटल्यांवर डाव लागलाय हे तिला सकाळी कळलं. मी तेव्हा लहान होते, पण तिचे मोकळे हात मला अजून दिसतात. पारोळ्यानं तर लग्न झाल्यापासून प्रत्येक आखाजीला रात्रभर चुलीवर पातेलं ठेवलंय. आतून डावाचा आवाज ऐकायचा, कोण किती हरलं हे चहाचे कप उचलताना कळायचं, आणि बोलायचं काही नाही.

त्यामुळे संध्याकाळी जुगाराच्या टेबलावर बसायचं की नुसतं बघून यायचं, यावर आमच्यात चांगली चर्चा झाली. मी बसू नये या बाजूची होते. पारोळा म्हणाली, "तू गणित शिकवलंस ना, मग गणित करून सांग. घाबरून नको सांगू." तिचं म्हणणं मला बिनतोड वाटलं.

तर गणित असं. रूलेट म्हणजे फिरत्या चाकात सोडलेला चेंडू कोणत्या आकड्याच्या घरात बसेल यावर पैसे लावायचे. त्या चाकावर १ ते ३६ आकडे, शिवाय एक शून्य आणि एक जोडशून्य, म्हणजे घरं ३८. आकडा लागला तर पस्तीसपट मिळतात आणि आपला डॉलर परत. प्रत्येक घरावर एकेक डॉलर ठेवला तर ३८ गेले आणि ३६ आले. दोन डॉलर मालकाचे. शंभरामागे ५.२६. एकच शून्य असलेल्या चाकावर हेच २.७ होतात, आणि स्ट्रिपवर काही ठिकाणी तीन शून्यांची चाकं आहेत, तिथे ७.६९. नशीब कुणाचं कसंही असो, हा वाटा कापला जाणारच, आणि जितका वेळ बसाल तितका जास्त कापला जाणार. आखाजीच्या डावात एकाचा पैसा निदान दुसऱ्या गावकऱ्याकडे जातो. इथे समोर बसलेला मालक उठतच नाही. हे सगळं मी हॉटेलच्या कागदावर लिहून तिघींना दाखवलं. चोपड्यानं बँकेच्या शिस्तीनं ठरवलं की प्रत्येकीनं शंभर डॉलर वेगळे काढायचे, ते सिनेमाच्या तिकिटासारखे गेले असं धरायचं, आणि पाकिटं लेकीकडे द्यायची.

जाता जाता बेलाजिओ हॉटेलसमोरची कारंजी पाहिली. संगीतावर पाणी चारशे फुटांच्याही वर उडतं. रावेरनं आधीच चौकशी करून ठेवली होती की ते पाणी शहराचं नाही. पूर्वी तिथे गोल्फचं मैदान होतं, त्याच्या जुन्या विहिरीचं आहे. मग तिनं मनापासून टाळ्या वाजवल्या. कठड्याला टेकून आम्ही सावद्याहून आणलेले केळीचे वेफर्स खाल्ले, शेजारच्या एका मेक्सिकन कुटुंबालाही दिले. त्यांच्या आजीनं पुडा उलटून बघितला आणि परत हात पुढे केला.

खेळायला स्ट्रिपवर न बसता जुन्या वेगासमध्ये गेलो, फ्रीमाँट स्ट्रीटला. तिथे लहान रकमेची टेबलं मिळतात. पण माझं तिथे जायचं कारण आणखी एक होतं. हे शहर रेल्वेनं जन्माला घातलं. १५ मे १९०५ रोजी रेल्वे कंपनीनं लोहमार्गाशेजारच्या जमिनीचे प्लॉट पाडून लिलाव केला, तेच गाव पुढे वेगास झालं. जिथे स्टेशन होतं तिथे आता प्लाझा नावाचं हॉटेल आहे. मी त्या दारात उभी राहिले. भुसावळही रेल्वेनंच मोठं केलेलं गाव. आमच्याकडे अजून रात्री-अपरात्री गाड्यांची घोषणा होते, चहावाला ओरडतो. इथे शेवटची प्रवासी गाडी १९९७ मध्ये बंद झाली, आता फक्त मालगाड्या जातात. वडील असते तर त्यांना हे सांगितलं असतं. त्यांना फार वाईट वाटलं असतं.

टेबलावर पैसे हातात देत नाहीत, समोर ठेवायचे. डीलर, म्हणजे डाव चालवणाऱ्या बाई, आमच्याच वयाच्या होत्या, छातीवर नावाची पट्टी. त्यांनी नोटा कॅमेऱ्याला दिसतील अशा पसरल्या, मोठ्यानं रक्कम म्हटली, मग एका पट्टीनं टेबलाच्या फटीत ढकलल्या. प्रत्येकीला वेगळ्या रंगाच्या चिप्स, म्हणजे पैशांऐवजी ठेवायच्या चकत्या. रावेरला हिरव्या, पारोळ्याला जांभळ्या. या चिप्स त्या टेबलाबाहेर कुठेच चालत नाहीत. चेंडू फिरायला लागला की बाई टेबलावरून हात फिरवतात, त्यानंतर कुणी चिप ठेवायची नाही. आकडा लागला की त्यावर एक छोटी बाहुली ठेवतात, आणि ती उचलेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. हिशेब इतका उघडा आणि इतका चोख की माझ्यातल्या शिक्षिकेला बरं वाटलं. पाळी संपल्यावर त्या बाईंनी दोन्ही तळहात उलटसुलट करून वर दाखवले, हातात काही नाही म्हणून, आणि मग उठल्या.

रावेरनं लाल-काळं खेळलं, म्हणजे येणारा आकडा लाल की काळा एवढंच, जपून. चोपडा एकेक चिप ठेवताना कागदावर टिपत होती. मी शून्याला धरून बसले, कारण मालकाची कमाई तिथेच आहे हे मला माहीत होतं. ते काही लागलं नाही. पारोळा मात्र बराच वेळ नुसती बघत राहिली. मग २९ वर दोन जांभळ्या चिप्स ठेवल्या, कुणीच तिथे ठेवत नव्हतं म्हणून. मी सांगणार होते की चाकाला यातलं काही कळत नाही, सगळी घरं सारखीच. सांगितलं नाही, बरं झालं. चेंडू दोनदा उसळला, शेजारच्या घरात गेल्यासारखा झाला आणि २९ वर बसला.

"मना नंबर उना!" माझा नंबर आला, असं अहिराणीत म्हणत पारोळा उभीच राहिली. अख्ख्या टेबलानं तिच्याकडे पाहिलं. टेक्सासचा एक उंच म्हातारा टोपी काढून हसला. बाईंनी सत्तर चिप्स मोजून तिच्याकडे सरकवल्या. तिनं त्या दोन्ही हातांनी जवळ ओढल्या, आणि मी माझ्या मैत्रिणीचा असा चेहरा त्यापूर्वी कधी पाहिला नव्हता. वसतिगृहात नाही, तिच्या लग्नात नाही, मुलाच्या नोकरीच्या पेढ्यांच्या वेळीही नाही. ती स्वतः खेळली होती, स्वतःच्या पैशानं, सगळ्यांसमोर बसून. आणि मग तिनं जे केलं त्याचा मला त्याहून अभिमान वाटला. चिप्स मोजल्या, पुढे सारल्या, नोटा मागितल्या आणि म्हणाली, "बस. आता उठायचं." रात्र रात्र डाव ऐकलेल्या बाईला उठायची वेळ कोणती हे आम्हा तिघींपेक्षा चांगलं ठाऊक होतं. आम्हीही उठलो. लेक म्हणाली, मावशी, अजून एक डाव? पारोळ्यानं नुसती मान हलवली.

बाहेर पडताना जुगाराच्या मशीनच्या रांगा लागल्या. तिथे घड्याळ नाही, खिडकी नाही, आणि प्रत्येक जण एकटा. सकाळी आमच्या हॉटेलातही एक बाई तशीच एकटी बटण दाबत होती, चेहऱ्यावर हारही नाही की जीतही नाही. टेबलावर निदान चार माणसं एकमेकांकडे बघतात, उठ म्हणणारं कुणी असतं. त्या मशीनपुढे कुणाला बसवू नये असं मला मनापासून वाटतं, मग शहर वेगास असो नाहीतर मोबाइलवरचे खेळ आपल्या जळगावात असोत.

पारोळ्याच्या त्या पैशांतून रात्री एका भारतीय हॉटेलात चौघींनी आणि लेकीनं जेवण केलं. भरीत मागवलं. गोडसर होतं, कांद्याची पातही नव्हती, तरी संपवलं. उरलेल्या नोटा तिनं मोडल्या नाहीत.

घरी आल्यावर पारोळ्यानं दिरांना सांगून टाकलंय की येत्या आखाजीला डाव बसला तर तिलाही पानं वाटायची, जमीन आणि दागिना डावावर लावायचा नाही, बाराला डाव मोडायचा आणि चहा ज्याला हवा त्यानं स्वतः करून घ्यायचा. धाकटा दीर लगेच हो म्हणाला. थोरल्यानं विचारलं, तुझ्या त्या तिघी पण येणार का? येणार आहोत.