प्लॅटिनम नको, निकेल चालेल, पण बाजूला नायट्रोजन पायजे

विजेनं पाणी फोडून हायड्रोजन बनवायचा विषय काढला की आमच्या सोलापुरात पहिला प्रश्न ठरलेला, पाणी कुठनं आणणार ओ? नळाला रोज पाणी येत नाही तिथं हा प्रश्न येणारच. पण हिशोब केला तर १ किलो हायड्रोजनला ९ लिटर पाणी लागतं (शुद्ध करायला, थंड करायला लागतं ते वेगळं) आणि वीज मात्र ५० युनिटच्या आसपास. म्हणजे मेन खर्च विजेचा, आणि पीईएम टाइपचं (मध्ये प्रोटॉन जाऊ देणारा पडदा असलेलं) मशीन असेल तर वर रिअ‍ॅक्शन जोरात चालवायला लागणाऱ्या महागड्या प्लॅटिनम-इरिडियमचा.

आता गंमत बघा, कंबर तलावाच्या तळाच्या काळ्या चिखलात असतात तसले बिनऑक्सिजनचे बॅक्टेरिया हायड्रोजन बनवतात, प्लॅटिनम बिटिनम काही नाही! त्यांच्याकडं हायड्रोजनेज नावाचं एन्झाइम (रिअ‍ॅक्शन जोरात चालवणारं प्रोटीन) असतं, हे नाव १९३१ मध्ये मार्जरी स्टीफन्सन आणि स्टिकलंड यांनी दिलं. आत धातू कुठला तर लोखंड, नाहीतर लोखंड आणि निकेल. त्या लोखंडाला चिकटलेलं असतं कार्बन मोनॉक्साइड आणि सायनाइड, आपल्याला मारणाऱ्या दोन गोष्टी, आणि ह्यावर ते एन्झाइम सेकंदाला हायड्रोजनचे हजारो रेणू काढतं.

नुसतं लोखंड टाकून हे होत नाही. लोखंडवाल्या प्रकारात धातूच्या अगदी शेजारी एक नायट्रोजन बसलेला असतो, पंगतीत शेजारच्यानं पोळी पुढं सरकवावी तसा तो प्रोटॉन (ज्याच्यापासून हायड्रोजन बनतो तो धन कण) धातूकडं सरकवतो, आणि माझ्या मते सगळी अक्कल तिथंच आहे. अमेरिकेतल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट लॅबवाल्यांनी तेवढीच आयडिया उचलली, प्रोटीनचा पसारा सोडून दिला, निकेलभोवती फॉस्फरस आणि जवळ नायट्रोजन असा छोटा रेणू बनवला, आणि २०११ मध्ये सेकंदाला १ लाखाच्या वर रेणूंचा स्पीड दाखवला, म्हणजे एन्झाइमपेक्षा जास्त!

पण थांबा, ते साध्या पाण्यात नव्हतं, अ‍ॅसिटोनायट्राइल नावाच्या सॉल्व्हंटमध्ये अ‍ॅसिड आणि थोडं पाणी घालून, आणि व्होल्टेज पण बरंच जास्त द्यावं लागलं. जास्त व्होल्टेज म्हणजे जास्त बिल, इथंच गाडी अडते. खरं एन्झाइम उलट जवळपास जादा व्होल्टेज न घेता काम करतं पण त्यातलं लोखंडवालं तर ऑक्सिजन लागला की मरतं, आणि पाणी फोडलं की दुसऱ्या टोकाला ऑक्सिजनच निघतो, आता बोला.

त्यामुळं प्लॅटिनमशिवाय हायड्रोजन काढल्याची बातमी आली की मी स्पीड नंतर बघतो, आधी व्होल्टेज किती, कशात चालवलं आणि किती तास टिकलं ते शोधतो. आणि वीज आपल्या इथल्या एनटीपीसीच्या कोळशाचीच वापरणार असाल तर राहू द्या, त्यापेक्षा मे महिन्यातलं ऊन पॅनलवर घ्या, त्याची इथं काय कमी नाही.