लेख क्र.७ उघडायचा कोणी?

दिवाळी अंकांची प्रुफं वाचायचं माझं काम जुलैत सुरू होतं आणि गणपती येईपर्यंत मान वर करायला फुरसत मिळत नाही. २०२५ चा जुलै मात्र मी प्रुफं वाचण्यात कमी आणि फाइली उघडण्यात जास्त घालवला.

कारण माझा नऊ वर्षांचा लॅपटॉप. विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ नंतर सुरक्षेचे नेहमीचे अपडेट मिळणार नव्हते, आणि विंडोज ११ ला माझा प्रोसेसर चालत नव्हता. चालतं यंत्र नुसत्या तारखेपायी भंगारात काढायला मन होईना. मे महिन्यात भाचा पुण्याहून मिरजेला आला होता, त्याने दुपारभर बसून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट २२ ही फुकट मिळणारी प्रणाली टाकून दिली. लॅपटॉप इतका चपळ झाला की मीच चकित.

अडलं ते एका ठिकाणी. आमच्याकडे अजून असे लेखक आहेत जे वीस वर्षांपूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप करतात. त्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरं बसवलेली असायची. तो फॉन्ट आपल्याकडे नसेल तर समोर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची भेळ दिसते. असा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर मराठीच दिसेल अशा अक्षरांत, आणून देणारा एक छोटा विंडोजचा प्रोग्रॅम माझ्याकडे आहे, आणि त्याच्याशिवाय माझं पान हलत नाही. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवण्यासाठी वाईन नावाची सोय असते असं वाचलं होतं. कोणालाही न विचारता ती मी टाकली. प्रोग्रॅम सुरू झाला. भाच्याला मुद्दाम स्क्रीनचा फोटो पाठवला.

दुसऱ्या दिवशी एका कोल्हापूरच्या लेखकांची साधी टेक्स्ट फाइल आली. डबल क्लिक केलं तर जुनाट करड्या मेनूची अनोळखी खिडकी उघडली. वर नाव ‘नोटपॅड’, खाली मजकुराच्या जागी ओळीने रिकामे चौकोन. मी लेखकांना फोन लावला. “सर, फाइल खराब झाली आहे, परत पाठवता का?” त्यांनी पाठवली. पुन्हा चौकोन. तिसऱ्यांदा पाठवताना म्हणाले, “मॅडम, आमच्याकडे तर नीट दिसतंय हो.” मी अंगभूत अधिकाराने सांगितलं की तुमच्याकडे दिसतं, पण वाटेत बिघडतं.

वाटेत काही बिघडत नव्हतं. वैतागून ती फाइल मी मिंटच्या नेहमीच्या एक्सेड एडिटरच्या खिडकीत ओढून टाकली आणि काना-मात्रा-वेलांटीसह सगळा लेख समोर. फाइल शाबूत होती, फक्त ती भलत्याच्या हातात जात होती.

मग पहिला उपाय, जो बहुतेकांना माहीत असतो. फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथे ‘ओपन विथ’चा टॅब, त्यात एक्सेड निवडून ‘सेट ॲज डिफॉल्ट’. इथे एक गफलत होते, माझीही झाली. राइट क्लिकच्या मेनूतच जे ‘ओपन विथ’ दिसतं, त्यातून निवडलेला प्रोग्रॅम त्या एका वेळेपुरता असतो. दोन दिवस मी तिथूनच निवडत होते आणि “याला सांगून कळत नाही का?” म्हणून चिडत होते. कायमचं सांगायची जागा प्रॉपर्टीजमध्ये.

टेक्स्ट फाइली सुधारल्या. संध्याकाळी एक आरटीएफ उघडली ती वर्डपॅड नावाच्या खिडकीत. मग एक पीएनजी चित्र भलतीकडे गेलं. एकेक प्रकार दुरुस्त करत बसले असते तर दिवाळी अंक होळीला निघाला असता. भाच्याला फोन केला.

“आत्या, टर्मिनल उघड.”

“मला घाबरवू नकोस.”

“काही बदलायचं नाहीये गं. नुसतं विचारायचंय.”

टर्मिनल म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी. तिथे त्याने दोन प्रश्न विचारायला लावले. दोन्हींसाठी एक्सडीजी-माइम हीच आज्ञा. पहिला प्रश्न, ही फाइल कोणत्या प्रकारची? उत्तर आलं, टेक्स्ट/प्लेन. दुसरा, आरटीएफ कोण उघडतं? उत्तर आलं ‘वाईन-एक्स्टेन्शन-आरटीएफ’. चोर नावानिशी सापडला.

त्या दोन प्रश्नांत सगळी व्यवस्था आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं. इतकी वर्षं माझी समजूत होती की वर्डची फाइल ‘वर्डची’ असते, जशी गाय मालकाची. तसं नसतं. फाइलला कोणी मालक नाही. आधी संगणक फाइलचा प्रकार ठरवतो आणि मग त्या प्रकारासाठी कोणाचं नाव लावलंय ते पाहतो. प्रकारांची ही तिरप्या रेघेची नावं, टेक्स्ट/प्लेन, इमेज/पीएनजी वगैरे, मुळात ईमेलसाठी केलेली. १९९२ मध्ये नॅथॅनियल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी माइम नावाचा नियम मांडला, म्हणजे पत्रासोबत चित्र किंवा आवाज पाठवला तर पलीकडच्या यंत्राला तो काय आहे हे कळावं. तीच नावं पुढे वेबने घेतली आणि लिनक्सच्या डेस्कटॉपनेही.

आता नाव लावतं कोण? प्रत्येक प्रोग्रॅम येताना एक चिठ्ठी आणतो, तिच्या नावाच्या शेवटी ‘डॉट डेस्कटॉप’ असतं. आपण कोणकोणते प्रकार उघडू शकतो ते त्यात लिहिलेलं असतं. सगळ्यांसाठीच्या चिठ्ठ्या सिस्टिमच्या फोल्डरात राहतात आणि आपल्यापुरत्या होम फोल्डरात, लोकल, शेअर, ॲप्लिकेशन्स अशा वाटेने आत. आपली स्वतःची निवड वेगळी, कॉन्फिग नावाच्या लपलेल्या फोल्डरातल्या ‘माइमॲप्स डॉट लिस्ट’ या फाइलमध्ये. लपलेले फोल्डर दिसायला कंट्रोल-एच दाबायचं.

ती फाइल मी उघडली आणि जरा हिरमुसले. इतका छळ आणि आत काय, तर साधा मजकूर. चौकटी कंसांत मथळे, ‘डिफॉल्ट ॲप्लिकेशन्स’, ‘ॲडेड असोसिएशन्स’, आणि कोणाला नको म्हटलं असेल तर ‘रिमूव्हड असोसिएशन्स’. खाली एका ओळीत एक प्रकार, बरोबरचं चिन्ह आणि प्रोग्रॅमच्या चिठ्ठीचं नाव. मी प्रॉपर्टीजमध्ये जाऊन जे काही ठरवलं होतं ते सगळं तिथे ओळीने लिहिलेलं. प्रुफं वाचणारीला यापेक्षा सोपं काय असणार! एकेका प्रकाराच्या खिडक्या उघडण्याऐवजी मी थेट ओळी दुरुस्त केल्या, अर्थात आधी फाइलची प्रत काढून ठेवून. पीडीएफचंही तिथेच उरकलं, त्या एका चित्रं रंगवायच्या प्रोग्रॅमकडे जात होत्या, त्या एक्सरीडर या मिंटच्या पीडीएफ वाचायच्या प्रोग्रॅमकडे वळवल्या.

मग वाईनच्या चिठ्ठ्या. होम फोल्डरातल्या त्या जागी ‘वाईन-एक्स्टेन्शन’ने सुरू होणाऱ्या डझनभर फाइली रांगेत बसलेल्या. टीएक्सटी, आरटीएफ, एक्सएमएल, आयएनआय, जीआयएफ, पीएनजी. काढून टाकल्या आणि विजयी मुद्रेने चहा ठेवला.

पंधरा दिवसांनी अपडेट आलं आणि सगळी मंडळी परत हजर.

यात वाईनची लबाडी नाही. आपल्यातल्या विंडोज प्रोग्रॅमांना कोणत्या फाइली उघडता येतात ते डेस्कटॉपला कळवणं हे त्याच्या कामातच येतं, आणि अपडेटनंतर आपली मांडणी ताजी करताना तो चिठ्ठ्याही नव्याने लिहितो. नको असेल तर बंद करायची सोय दिलेली आहे. वाईनसीएफजी ही वाईनच्या सेटिंगची खिडकी उघडायची, ‘डेस्कटॉप इंटिग्रेशन’ या टॅबमध्ये ‘मॅनेज फाइल असोसिएशन्स’समोरची खूण काढायची. मी ती कधी उघडूनच पाहिली नव्हती. क्रम महत्त्वाचा, आधी खूण काढायची आणि मग चिठ्ठ्या. मी उलट केलं म्हणून दोनदा करावं लागलं. ऑगस्टनंतर त्या आलेल्या नाहीत.

एवढं सगळं शिकून झाल्यावर, ऐन घाईत, आला ‘लेख क्र.७’. फाइलचं नावच तेवढं. डबल क्लिक केलं तर झिप, म्हणजे अनेक फाइलींचं एक गाठोडं, उघडणारा प्रोग्रॅम सुरू झाला. आत ‘वर्ड’ नावाचं एक फोल्डर आणि बऱ्याच एक्सएमएल फाइली. पूर्वीची मी असते तर “तुमच्या फाइलमध्ये व्हायरस आहे” असं लेखिकाबाईंना सांगून मोकळी झाले असते.

या वेळी आधी टर्मिनलमध्ये ‘फाइल’ ही आज्ञा देऊन विचारलं. ती नावाकडे बघतच नाही, थेट आतले बाइट वाचते. उत्तर आलं, मायक्रोसॉफ्ट वर्ड २००७ किंवा पुढचं. उलगडा असा, की डॉकएक्स, म्हणजे वर्डची हल्लीची फाइल, ही मुळात एक झिप असते. तिची पहिली दोन अक्षरं पी आणि के, झिपचा जनक फिल कॅट्झ याची आद्याक्षरं. बाईंनी नाव बदलताना शेवटचं ‘डॉट डॉकएक्स’ पुसून टाकलं होतं. नावावरून काही कळेना म्हणून मिंटने आत डोकावलं, झिप दिसली, झिपवाल्याच्या हवाली केली. विंडोज तर आत डोकावण्याच्या भानगडीत न पडता शेवटच्या टिंबानंतरचं तेवढं पाहतं, म्हणजे त्याच्या दृष्टीने ही ‘७’ या प्रकारची फाइल. बाईंना पत्ता लागला नव्हता, कारण त्या लेख नेहमी वर्डच्या आतूनच उघडत. मी शेपूट परत जोडलं, लेख उघडला.

शेपूट जोडल्याने फाइल बदलते असं मात्र नाही. संपादकांनी पीडीएफ मागितली म्हणून एका कवींनी वर्डच्या फाइलचं नाव बदलून शेवटी ‘डॉट पीडीएफ’ लिहिलं आणि पाठवून दिली. तिथे माझं मिंटही फसलं, कारण ओळखीचं शेपूट दिसलं की ते आत बघत नाही. एक्सरीडरने फाइल उघडता येत नाही म्हणून सांगितलं. ‘फाइल’ आज्ञेने खरं काय ते सांगितलं. कवी अजून म्हणतात की त्यांनी पीडीएफच पाठवली होती.

अंक छपाईला गेल्यावर कोल्हापूरच्या सरांना फोन केला. तीनदा पाठवायला लावलं, दोष माझ्या लॅपटॉपचा होता, तुमच्या फाइलचा नव्हता, म्हणून माफी मागितली.

“अहो मला माहीत होतं,” ते म्हणाले. “तिन्ही वेळा तीच फाइल पाठवत होतो.”