टेबलावरची नाणी आणि डिक लबो

पिट्सबर्गला मी २००८च्या ऑगस्टमध्ये आले. सप्टेंबर लागला आणि एक गोष्ट लक्षात आली. रविवारी दुपारी एकच्या सुमारास आमची गल्ली सुनसान व्हायची. रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि मग सगळ्या घरांतून एकदमच आरडाओरडा. शेजारी एक आजोबा राहायचे. उमेदीची वर्षं पोलादाच्या कारखान्यात गेली, ऐंशीच्या दशकात कारखाना बंद पडला, तेव्हापासून मिळेल ते काम केलेलं. त्यांनीच एका रविवारी कुंपणावरून हाक मारली, "मॅच बघायला ये, घरात एकटी काय बसतेस!"

अमेरिकन फुटबॉल म्हणजे चिलखतं घालून एकमेकांवर आदळणं, एवढीच माझी तोवरची समजूत. आजोबांनी टीव्हीचा आवाज बंद केला, स्वयंपाकघरातून चिल्लरची बरणी आणली आणि टेबलावर रिकामी केली. पंचवीस सेंटची अकरा चंदेरी नाणी एका बाजूला, एक सेंटची अकरा तांबडी दुसऱ्या बाजूला. चंदेरी चढाईवाले, तांबडे बचाववाले. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्यांना द्यायचा. चंदेरीतलं एक नाणं त्यांनी जरा मागे ओढलं. हा क्वार्टरबॅक, चेंडू फेकणारा. "सगळं जग याच्याकडे बघतं," आजोबा म्हणाले. "तू तांबड्यांकडे बघ. ती डिक लबोंनी मांडलीत."

डिक लबो पिट्सबर्ग स्टीलर्सचे डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे बचावाचे प्रशिक्षक. मुख्य प्रशिक्षक वेगळा. पण समोरचा संघ चेंडू घेऊन उभा राहिला, की आपल्या अकरांनी कुठे उभं राहायचं, कोणी पुढे घुसायचं, कोणी मागे थांबायचं, हे दर वेळी काही सेकंदांत या माणसाने ठरवायचं. त्या वर्षीपासून बचावातल्या एका खेळाडूच्या शिरस्त्राणात रेडिओ बसवायला परवानगी मिळाली होती. स्टीलर्सकडे हे काम जेम्स फॅरिअरचं. प्रत्येक चालीच्या घड्याळात पंधरा सेकंद उरले की रेडिओ आपोआप बंद. पुढचं मैदानावरच्यांनी निभवायचं.

आजोबांनी मग दोन तांबडी नाणी क्वार्टरबॅकच्या अंगावर सरकवली. याला ब्लिट्झ म्हणतात. जादा माणसं घुसवली की फेकणारा गडबडतो, पण मागे मैदान उघडं पडतं. त्याने घाईघाईत का होईना, त्या मोकळ्या जागेत चेंडू टाकला की खेळ खलास. ऐंशीच्या दशकात झटपट, आखूड फेकी करणारे संघ असंच करायचे आणि बचाववाले हैराण व्हायचे. लबो तेव्हा सिनसिनाटी बेंगल्सच्या बचावाचे प्रमुख होते. त्यांनी उलटा विचार केला. आजोबांनी एक तांबडं नाणं घुसवलं, आणि त्याच वेळी अगदी पुढच्या फळीतलं, जे दर वेळी आदळायलाच जातं ते नाणं बोटाने हळूच मागे ओढलं. नेमकं त्या मोकळ्या जागेत! घुसणारे चार-पाचच, पण ते कोणते, हे फेकणाऱ्याला कळत नाही. ज्या जागी कुणी नसणार म्हणून तो डोळे झाकून फेकतो, तिथे सव्वाशे-दीडशे किलोचा गडी हात वर करून उभा. हाच झोन ब्लिट्झ. ही कल्पना सर्वस्वी लबोंची नव्हे. धोका न पत्करता दबाव कसा आणायचा, हे ते बिल आर्न्सपार्गर या जाणत्या प्रशिक्षकांकडे जाऊन शिकले होते. पण तिचं शास्त्र केलं ते लबोंनी.

मला ते लख्ख कळलं, कारण सांगलीत शाळेच्या कबड्डी संघात मी डावा कोपरा खेळायचे. आमच्या बाई हेच सांगायच्या. कोपऱ्याने एक पाऊल मागे घेतलं की चढाईवालीला वाटतं रान मोकळं. ती आत शिरते आणि मागून कव्हर येऊन तिची कंबर धरतं. तिला जागा दिसली पाहिजे, पण ती तुम्ही दाखवलेली असली पाहिजे. परक्या देशात, अनोळखी स्वयंपाकघरात मला माझ्या शाळेचं मैदान आठवलं. त्या दिवसापासून हा खेळ माझा झाला.

मग मी या माणसाची कारकीर्द शोधून शोधून वाचली. जन्म १९३७चा, ओहायोतल्या लंडन नावाच्या छोट्या गावातला. १९५९ साली क्लीव्हलँड ब्राउन्सने निवडलं आणि हंगाम सुरू व्हायच्या आत काढूनही टाकलं. मग डेट्रॉइट लायन्सकडे गेले आणि तिथे चौदा हंगाम टिकले. ६२ वेळा समोरच्याचा चेंडू मधल्या मध्ये पकडला, सलग १७१ सामने खेळले. १९७३ पासून प्रशिक्षक. फिलाडेल्फिया, ग्रीन बे, सिनसिनाटी, पिट्सबर्ग, पुन्हा सिनसिनाटी. १९८९च्या जानेवारीत बेंगल्स सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकायच्या बेतात होते. शेवटची ३४ सेकंद उरली असताना समोरच्या संघाच्या जो मोंटानाने टचडाउनचा, म्हणजे गोलरेषेपार गुण मिळवून देणारा, चेंडू फेकला आणि सामना गेला. तो अडवायची जबाबदारी लबोंच्या बचावाची होती.

२००० साली बेंगल्सनी त्यांना मुख्य प्रशिक्षक केलं. बारा विजय, तेहतीस पराभव. २००२ संपलं आणि नोकरी गेली. इथे मी वाचता वाचता थांबले होते. माझे बाबा आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचे निदेशक होते. दीड वर्ष प्रभारी प्राचार्य झाले, फायली आणि बैठकांत कोमेजले, आणि स्वतः अर्ज देऊन परत वर्कशॉपमध्ये गेले. नातेवाईक आईला बाजूला घेऊन विचारायचे, "काही झालं का हो तिकडे?" काही झालं नव्हतं. त्यांना मुलांच्या हातात कानस द्यायची होती. व्हाइसला लावलेल्या तुकड्यावर मुलाचा हात चुकला, की ते मागून आपला हात त्याच्या हातावर ठेवायचे आणि न बोलता दोन फेऱ्या मारून दाखवायचे. ते त्यांचं खरं पद होतं.

लबोही तसेच परतले. मध्ये एक वर्ष बफेलोला काढून २००४ साली, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, ते पुन्हा पिट्सबर्गच्या बचावावर आले. आणि त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम त्यानंतर झालं. २००६च्या फेब्रुवारीत स्टीलर्सनी सुपर बोल जिंकला, तोही डेट्रॉइटमध्ये, जिथे लबो चौदा वर्षं खेळले होते! पुढच्या वर्षी मुख्य प्रशिक्षक बदलला. माइक टॉमलिन आले, वय चौतीस. ते स्वतः बचावाचेच प्रशिक्षक, आणि त्यांची पद्धत लबोंपेक्षा निराळी. नवा साहेब पहिल्यांदा काय करतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. टॉमलिननी एकोणसत्तर वर्षांच्या लबोंना ठेवलं आणि त्यांचा बचावही तसाच ठेवला. मला यात दोघांचाही मोठेपणा दिसतो. २००८च्या हंगामात संपूर्ण लीगमध्ये सगळ्यात कमी गुण याच बचावाने दिले.

१ फेब्रुवारी २००९ची रात्र मी विसरणार नाही. आजोबांचं घर भरलेलं, प्रत्येकाच्या हातात तो पिवळा टॉवेल. इथे १९७५ पासून तो फडकवतात. सुपर बोल, समोर ॲरिझोना. पूर्वार्ध संपायला अठरा सेकंद आणि ते आमच्या गोलरेषेच्या तोंडाशी. क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नर. आमचा लाइनबॅकर, म्हणजे पुढच्या फळीमागचा बचाववाला, जेम्स हॅरिसन घुसणार, असं ठरलेलं होतं. त्याने घुसल्यासारखं केलं आणि मागे सरकला. चेंडू थेट त्याच्या हातात! तो पळत सुटला तो शंभर यार्ड, पार दुसऱ्या टोकाला जाऊन कोसळला. घरात कोण कोणाला मिठी मारत होतं, ते कळत नव्हतं. आजोबा मात्र माझ्याकडे बघून टेबलावर बोट मागे ओढत होते. हॅरिसनला २००२ साली कुणी निवडलंसुद्धा नव्हतं, नंतर पुन्हापुन्हा काढून टाकलं होतं. ठरलेलं मोडून मागे सरकायची बुद्धी आणि हिंमत त्याच्यात आली, ती रोज त्या शिकवणीत बसून आली, असं मी आजही मानते. सामना आम्ही २७-२३ जिंकला.

खेळाडू त्यांना 'कोच डॅड' म्हणायचे. नाताळ जवळ आला की लबो संघाला ती जुनी मुलांची नाताळची कविता तोंडपाठ म्हणून दाखवायचे, आणि हे धिप्पाड गडी शाळकरी पोरांसारखे ऐकत बसायचे. २००७ साली एका सराव सामन्याला खेळाडू त्यांची जुनी ४४ नंबरची जर्सी घालून गेले. तो सामना होता कँटनला, जिथे या खेळातल्या थोरांचं सन्मान-दालन आहे; लबोंना अजून त्यात जागा मिळाली नव्हती. मिळाली ती २०१० साली, खेळ सोडून अडतीस वर्षांनी.

त्याच उन्हाळ्यात आजोबा मला लट्रोबला घेऊन गेले. तिथल्या कॉलेजच्या मैदानावर स्टीलर्सचा सराव चालायचा, लोकांना टेकाडावर बसून बघता यायचं. मला फक्त पाठ दिसली, डोक्यावर टोपी. एकावर एक वाकलेली पाच-सहा प्रचंड माणसं, आणि मधोमध बोलणारा एक सडपातळ म्हातारा. आवाज आमच्यापर्यंत येत नव्हता. ऐकण्यासाठी त्यांना वाकावं लागत होतं, एवढं मी पाहिलं.

२०१५च्या जानेवारीत लबो स्टीलर्समधून बाहेर पडले. सत्त्याहत्तराव्या वर्षी कुणीही घरी बसलं असतं. ते टेनेसी टायटन्सकडे गेले आणि २०१७ पर्यंत शिकवत राहिले. खेळाडू आणि प्रशिक्षक मिळून सलग ५९ हंगाम.

१६ नोव्हेंबर २०१७, गुरुवारची रात्र. टायटन्स पिट्सबर्गला आले होते. लबो ऐंशी वर्षांचे, या वेळी समोरच्या बाजूला. आजोबा तोवर थकले होते, उठबस कमी झाली होती, तरी टीव्हीपुढे पिवळा टॉवेल घेऊन बसले. आमचा क्वार्टरबॅक रॉथलिसबर्गर, त्याने त्या बचावाविरुद्ध टचडाउनचे चार चेंडू फेकले. प्रत्येक टचडाउनला गल्लीत तोच जुना आरडाओरडा. ४०-१७ने आम्ही जिंकलो. आजोबांनी टॉवेल एकदाही उचलला नाही. तो त्यांच्या मांडीवर घडी घालून ठेवलेला होता, आणि सामना संपेपर्यंत त्यावर त्यांचा हात होता.