तिरप्या रेघेपुढचे शून्य

सी भाषेत नेटवर्कचा पत्ता वाचणारे फंक्शन लिहिणे हे काम दिसायला अर्ध्या तासाचे असते. टिंबांनी जोडलेले चार आकडे, प्रत्येक ० ते २५५ मधला, मग तिरपी रेघ आणि तिच्यापुढे ० ते ३२ मधला प्रीफिक्स, म्हणजे पत्त्याच्या ३२ बिटांपैकी सुरुवातीचे किती नेटवर्कचे हे सांगणारा आकडा, एवढाच तो मजकूर. मीही त्याच भरवशावर बसलो आणि त्या अर्ध्या तासाचे तीन दिवस झाले. तिन्ही दिवस मला छळले ते शून्याने.

पहिले शून्य आकड्याच्या आरंभी होते. रकाने सारखे दिसावेत म्हणून कोणीतरी १९२.१६८.०१०.००१ असे लिहून ठेवले होते. जुने इनेट_एटॉन हे फंक्शन सुरुवातीला शून्य दिसले की आकडा अष्टमान पद्धतीचा, म्हणजे दहाऐवजी आठच्या पटीत मोजलेला, धरते, त्यामुळे ०१० चे गुपचूप ८ झाले आणि पत्ता भलत्याच नेटवर्कात जाऊन पडला. त्याला नुसते १२७.१ दिले, तरी ते १२७.०.०.१ समजून घेते. एवढा समजूतदारपणा पार्सरकडे, म्हणजे मजकूर वाचून त्याचा अर्थ लावणाऱ्या कोडकडे, नसलेलाच बरा. मी इनेट_पीटॉनकडे वळलो. ते अपुरा पत्ता सरळ नाकारते.

दुसरे शून्य मजकुराचा आकडा करून देणाऱ्या एटूआयचे. मजकुरात अंक सापडला नाही की हे फंक्शन तक्रार न करता शून्य परत करते, आणि प्रीफिक्सच्या जागी शून्य म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ पत्ते, म्हणजे आयपीव्ही४चे, या चार आकडी पत्त्यांच्या पद्धतीचे, सगळे जग. एका टायपिंगच्या चुकीने फायरवॉलचा, म्हणजे नेटवर्कच्या राखणदाराचा, दरवाजा सताड उघडा! त्याऐवजी स्ट्रटॉल वापरले, कारण वाचन कुठे थांबले हे ते सांगते.

तिसरे शून्य मात्र खरे होते. प्रीफिक्स खरोखरच ० दिलेला होता. मास्क, म्हणजे पत्त्यातला नेटवर्कचा भाग वेगळा काढणारी बिटांची चाळणी, काढायला ३२ एक-बिट घेऊन ते ३२ वजा प्रीफिक्स इतक्या घरांनी डावीकडे सरकवायचे, ही नेहमीची रीत. २४ असेल तर आठ घरे, हिशेब चोख. शून्याला ती घरे ३२ होतात, आणि ३२ बिटांची संख्या ३२ घरे सरकवली तर काय व्हावे हे सी भाषेचे अधिकृत मानक ठरवतच नाही. माझ्या एक्स८६ प्रोसेसरने त्या ३२ मधले खालचे पाचच बिट पाहिले, म्हणजे शून्य, आणि काहीच सरकवले नाही. मास्कचे सगळे बिट एकच राहिले, आणि सर्व पत्त्यांसाठी लिहिलेला फायरवॉलचा नियम एकट्या ०.०.०.० पुरता उरला.

शेवटी प्रीफिक्स शून्य असल्यास मास्कही शून्य, अशी वेगळी ओळ लिहिली. माझ्या चाचण्यांच्या यादीत आता ०.०.०.०/० सर्वांत वर असते.