मेल्यावर नऊ महिन्यांनी केलेलं मृत्युपत्र

लंडनला ब्रिटिश लायब्ररीच्या तिसऱ्या मजल्यावर ईस्ट इंडिया कंपनीची दप्तरं वाचायला मिळतात. तिथे बसून लोकांचे पूर्वज हुडकून देणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. प्रत्येक गिऱ्हाइकाचा पूर्वज बडा व्यापारीच असतो. कारकुनाचे वंशज कुठे जातात कोण जाणे!

त्या दिवशी आलेल्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या. मूळपुरुष १७३० च्या सुमारास मुंबईत होता आणि त्याची गलबतं होती, ही घरातली परंपरा. त्यांच्या काकांनी पूर्वी त्याच नावाचा एकजण शोधून काढला होता आणि बादही केला होता. दफनाची नोंद फेब्रुवारी १७३३ ची, मृत्युपत्र नोव्हेंबर १७३३ चं. मेलेला माणूस मृत्युपत्र कसं करील? तेव्हा माणसं दोन, असा काकांचा निकाल.

दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि मला हसू आलं. इंग्रजांचं कायदेशीर वर्ष १७५१ पर्यंत २५ मार्चला सुरू होई. म्हणजे १७३३ चा नोव्हेंबर आधी आणि फेब्रुवारी नंतर. आजच्या हिशेबाने तो १७३४ चा फेब्रुवारी. दिवाळीच्या पाडव्याला वही बदलणारे व्यापारी बघत वाढलेल्या माणसाला याचं नवल वाटत नाही. (इथलं करवर्ष आजही ६ एप्रिलला सुरू होतं, ते त्या जुन्या वर्षाचंच शेपूट.) माणूस एकच होता. मृत्युपत्र केलं आणि तीन महिन्यांत गेला. गोऱ्या माणसाचं आयुष्य मुंबईत दोन पावसाळ्यांचं, असं तेव्हा म्हणतच.

मग मालमत्तेची यादी उघडली. मुंबईत १७२८ पासून मेयरचं कोर्ट होतं. कंपनीचा नोकर वारला की त्याच्या चीजवस्तूंचा लिलाव होई आणि कोणी काय घेतलं तेही लिहीत. गलबत नव्हतंच. हुद्दा ‘रायटर’, म्हणजे कारकून. त्या हुद्द्याचा पगार वर्षाला ५ पौंड. बाकी पोट खाजगी व्यापारावर. सुरती कापडाचे काही गठ्ठे, एका दलालाकडून येणं, पंच नावाचं मद्य प्यायचं मोठं भांडं, केसांचे दोन टोप. टोप सोबतच्याच कारकुनाने घेतले. बाई त्या ओळीवर बराच वेळ थांबल्या. “मेलेल्याचा टोप घालायचे?” महाग वस्तू, विलायतेहून यायची, घालतील नाही तर काय करतील?

मृत्युपत्राच्या शेवटच्या पानावर मुलीचा उल्लेख होता. तिला इंग्लंडला बहिणीकडे पाठवावं आणि तिच्या आईला ३०० रुपये व राहती खोली द्यावी. आईचं नाव पोर्तुगीज वळणाचं, आडनाव नाही. बाईंचा वंश याच मुलीचा. मला पुढचा प्रश्न पाठ आहे: कुठल्या राजघराण्यातली होती का? या बाईंनी तो विचारला नाही. “पैसे तिला मिळाले का?” एवढंच विचारलं.

मिळाले होते. व्यवस्थापकाच्या हिशेबात रक्कम खर्ची पडली होती.

ती कोण, हे या इमारतीत कळणार नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. कंपनीच्या नोंदवह्या प्रॉटेस्टंटांच्या. अशा नावाची बाई बहुधा कॅथलिक. गोव्याची, साष्टीची की माहीमची, नावावरून ठरत नाही, कारण पाद्री बाप्तिस्मा देताना सगळ्यांना तीच मोजकी नावं देत. मुंबईतल्या कॅथलिकांचा कारभार १७२० मध्ये इंग्रजांनी पोर्तुगीज फ्रान्सिस्कन पाद्र्यांकडून काढून कार्मेलाइट या दुसऱ्या पंथाच्या पाद्र्यांकडे दिला होता. त्यामुळे तिचा माग लागलाच तर मुंबईतल्या एखाद्या जुन्या चर्चच्या वह्यांत, वाळवीने काही शिल्लक ठेवलं असेल तर.

“काकांना तुम्हीच कळवा,” बाई जाताना म्हणाल्या. मी दोन्ही कागदांच्या प्रती पाठवल्या. तारखेचं त्यांनी लगेच मान्य केलं, जरा हिरमुसून. शेवटच्या पानाबद्दल अजून काही लिहिलेलं नाही.